अम्मी या शब्दाभोवतीचे लाल वर्तुळ

आमच्या कॉलेजात प्रथम वर्षाच्या मराठीच्या चाचणी परीक्षेत बहिणाबाई चौधरींच्या संसारावरच्या कवितेचे रसग्रहण विचारले होते. गुण दहा. एका मुलीने दीड पान लिहिले. तिने लिहिले की माझी अम्मी खानावळीला भाकऱ्या करून देते. पहाटे चारला चूल पेटते आणि साठ भाकऱ्या झाल्याशिवाय ती उठत नाही. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांना आता चटका कळत नाही. भाकरी मिळण्याआधी हात पोळतात, हा कवितेतला हिशेब मला बरोबर वाटतो, पण अर्धा वाटतो. कारण आमच्या घरात चटका अम्मीला बसतो आणि भाकरी दुसऱ्याच्या घरी जाते. पुढे तिने विचारले होते की कवितेतली बाई एवढे सोसूनही संसाराला वाईट का म्हणत नाही? तिला खरेच वाईट वाटत नाही, की म्हणायची सोय नाही?

या उत्तराला तीन गुण मिळाले. समासात शेरा होता, 'विषयांतर'. आणि 'अम्मी' हा शब्द जिथे जिथे आला होता तिथे तिथे त्याच्याभोवती लाल शाईने वर्तुळ काढून वर लिहिले होते, 'आई'.

त्याच वर्गातल्या एका मुलाने लिहिले की प्रस्तुत कवितेत कवयित्रीने संसारातील सुखदुःखाचे यथार्थ चित्रण केले आहे, भाषा साधी, सोपी व ओघवती आहे, उपमा-रूपकांचा समर्पक वापर आहे आणि बोलीभाषेमुळे कवितेला गोडवा प्राप्त झाला आहे. हा मजकूर गाईडच्या कितव्या पानावर आहे ते मला पाठ आहे. त्याला आठ गुण होते.

पेपर तपासणारे माझे सहकारी भला माणूस आहेत. त्यांना जातीयवादी म्हणून मी मोकळा होणार नाही. ते सोपे आहे आणि खोटे आहे. ईदला ते माझ्या घरी शीरखुर्मा प्यायला येतात आणि गरीब मुलांची फी स्वतःच्या खिशातून भरतात, त्यात आमची मुलेही असतात. मी स्टाफरूममध्ये उत्तरपत्रिका त्यांच्यापुढे ठेवली तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मुद्दे कुठे आहेत, सर? कवयित्रीचा परिचय नाही, आशय नाही, अभिव्यक्ती नाही, भाषाशैली नाही. कशाला गुण देऊ?" म्हणजे दोष त्यांच्या मनात नव्हता. तो त्यांच्या हातातल्या फूटपट्टीत होता. म्हणूनच या विषयावर लिहायला बसलो. वाईट माणसाशी भांडता येते. चांगल्या माणसाच्या हातातली वाईट फूटपट्टी पिढ्यान् पिढ्या चालते, आणि तिच्यावर कुणी आक्षेपही घेत नाही.

ज्या बहिणाबाईंच्या कवितेवर हा प्रश्न होता, त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या ओव्या घरातल्यांनी टिपून ठेवल्या, मुलगा सोपानदेवांनी त्या जपल्या आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्या छापून आल्या. निरक्षर बाईच्या तोंडून आलेली खानदेशी बोली आज अभ्यासक्रमात आहे आणि तिच्यात 'गोडवा' आहे असे लिहिले की गुण मिळतात. मग दुसऱ्या एका निरक्षर बाईच्या लेकीने आपल्या घरातला एक शब्द त्याच भाषेत आणला, तर तो चुकीचा कसा होतो? कवितेतली बोली गोड आणि उत्तरपत्रिकेतली बोली अशुद्ध, हा कुठला न्याय? ज्या शाईने ते वर्तुळ काढले तो 'शाई' हा शब्द फारसीतून आला. ज्यावर काढले तो 'कागद'ही तिथूनच आला. 'मजकूर', 'मसुदा', 'कलम', 'दौत', 'हजेरी', 'खुर्ची' या सगळ्यांना मराठीने घरात घेतले, त्यांना कुणी पासपोर्ट मागितला नाही. 'अम्मी' मात्र दारातच अडवली गेली. आमच्या घरातली दखनी ऐका. 'नक्को' म्हणताना, 'कायकू' म्हणताना, शब्दाला 'च' लावून जोर देताना ती मराठीच्याच मांडीवर बसलेली असते. दोन भाषांनी चारशे-पाचशे वर्षे एकमेकींच्या घरी मीठ-मिरची मागितली. लाल पेनवाल्यांना त्याची खबर नाही.

पण 'अम्मी'चा प्रश्न छोटा आहे, असे कुणी म्हणेल. मी म्हणतो, तो 'विषयांतर' या शेऱ्याचाच भाग आहे. रसग्रहण म्हणजे काय? रस ग्रहण करायचा तर तो करणारा कुणीतरी हवा. आपल्या जुन्या साहित्यशास्त्राने त्या कुणालातरी 'सहृदय' असे सुंदर नाव दिले. आपल्या परीक्षापद्धतीत मात्र सहृदयाला मनाई आहे. तिथे कवी आहे, कविता आहे, मुद्दे आहेत. वाचणारा गैरहजर असला पाहिजे. तो हजर झाला की विषयांतर.

जगात सगळीकडे असेच चालते असे नाही. इंग्लंडात केंब्रिजला आय. ए. रिचर्ड्स नावाच्या अध्यापकाने १९२० नंतरच्या काळात एक उद्योग केला. त्याने मुलांना कविता दिल्या, पण कवीचे नाव लपवले, आणि सांगितले की वाचा आणि काय वाटते ते लिहून आणा. ही इंग्लंडातली निवडक, शिकल्या घरातली मुले. त्यांनी चांगल्या कवितांना वाईट म्हटले, वाईट कवितांवर जीव टाकला, साधा अर्थही चुकवला, आणि पुष्कळांनी कवितेत जे नव्हतेच ते आपल्या सवयीच्या भावनांतून तिच्यात भरले. रिचर्ड्सने त्या उत्तरांना केराची टोपली दाखवली नाही. ती तपासून, त्यांचे प्रकार पाडून, माणूस कविता वाचताना नेमका कुठे अडखळतो याचा त्याने अभ्यास केला आणि १९२९ साली त्याचे पुस्तक केले. पुढे अमेरिकेत लुईस रोझेनब्लॅट यांनी १९३८ साली लिहिले की साहित्याचा अनुभव वाचक आणि कलाकृती यांच्या भेटीत घडतो, एकट्या कागदात तो नसतो. तिकडच्या कॉलेजांत पहिल्या वर्षाला लेखनाचा वेगळा वर्ग असतो. त्यात कथा-कविता वाचून आपला प्रतिसाद लिहायचा, शिक्षकाने शेरे मारायचे, मुलाने तो पुन्हा लिहायचा, असे चालते. तिथे सगळे सोन्याचे आहे असे मी म्हणत नाही. पण मुलाने एकदा लिहिलेले पुन्हा लिहून आणावे, यात केवढा विश्वास आहे पाहा! आपल्याकडे उत्तर एकदाच लिहिले जाते, एकदाच पाहिले जाते, आणि मग ते रद्दीत जाते.

आता हरकत येईल, आणि ती रास्त आहे. "म्हणजे कुणी काहीही लिहावे आणि आम्ही गुण द्यावेत?" नाही. रोझेनब्लॅटबाईंनीही तसे म्हटले नव्हते. वाचकाने आपले आयुष्य घेऊन यावे, पण कवितेच्या शब्दांना जबाब द्यावा, ही अट राहतेच. मी स्वतः एका मुलाला शून्य दिले आहे, आणि तो आपलाच होता. हमीद दलवाईंच्या 'इंधन' कादंबरीवर टिपण लिहायला सांगितले होते. १९६५ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी कोकणातल्या एका गावातला मुसलमान, कुळवाडी, बौद्ध यांच्यातला ताण दाखवते. तो ताण हळूहळू कसा पेटत जातो ते दाखवते. या मुलाने तीन पाने दलवाईंना शिव्या दिल्या. मी विचारले, "पुस्तक वाचलेस?" म्हणाला, "नाही सर, पण सगळ्यांना माहीत आहे." मी म्हणालो, "सगळ्यांना माहीत असलेले लिहायला तू कशाला हवास? वाच आणि मग शिव्या दे." महिनाभराने त्याने वाचून दुसरे टिपण आणले. दलवाईंवर त्याचा राग कायम होता. पण आता तो राग कुठल्या प्रसंगावर आहे, कुठल्या व्यक्तिरेखेवर आहे, आणि कुठे लेखकाचे म्हणणे त्याला नाइलाजाने पटले, हे त्याने लिहिले होते. त्या टिपणाला मी वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले. दलवाईंशी माझे काय पटते, काय पटत नाही, हा वेगळा लेख होईल. त्या मुलाने न वाचता दिलेली शिवी आणि गाईडमधली न वाचता केलेली स्तुती ही सख्खी भावंडे आहेत, एवढेच इथे म्हणायचे आहे.

आणि आता आपल्या घरात येऊ. कारण कॉलेजवर तोंडसुख घेऊन थांबलो तर हा लेख आपल्या वार्षिकांकातल्या आणखी दहा लेखांसारखा होईल. वाचताना बरे वाटेल, पण कुणाचे काही जाणार नाही.

१९९० साली डॉ. यू. म. पठाण पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. एका वर्षात दोन्ही गोष्टी घडल्या, आणि आम्हाला वाटले की दार उघडले. तेव्हापासून आम्ही ठराव करत आलो आहोत की अभ्यासक्रमात मुस्लिम मराठी लेखक घ्या. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' घ्या, पेशवाईतल्या सगनभाऊंच्या लावण्या घ्या, बार्शीचे शाहीर अमर शेख घ्या, आजचे कवी-कथाकार घ्या. मागणी रास्त आहे. माझाही हात त्या ठरावावर वर झालेला आहे. पण घेऊन काय होणार आहे, याचा विचार आम्ही केला का? दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले तेव्हा त्याने मराठी समाजमन हादरले. पुढे ते अभ्यासाला लागले, आणि आज गाईडमध्ये त्याचे चार मुद्दे आहेत. 'दलितांच्या वेदनेचे प्रभावी चित्रण' हा त्यातला पहिला. ज्या पुस्तकाने झोप उडवली त्याच्यावर आता मुले झोपेत उत्तर लिहितात. उद्या शेख महंमद अभ्यासाला लागले तर त्यांचेही चार मुद्दे होतील. 'हिंदू-मुस्लिम ऐक्याचा संदेश' हा पहिला असेल, पैज लावतो. त्या माणसाने योगाची, सूफींची आणि वारकऱ्यांची भाषा एकाच तोंडाने कशी बोलली असेल, त्यापायी त्याला काय सोसावे लागले असेल, हे विचारणारा मुलगा तेव्हाही विषयांतरच करत असेल. नाव पुस्तकात गेल्याने प्रस्थापितांचा मुख्य प्रवाह बदलत नाही. वाचण्याची रीत तीच राहिली तर आमचे लेखकही त्या प्रवाहात गाईडच्या पानासारखे वाहून जातील.

दुसरे, आम्ही आमच्या मुलांना वाचायला तरी कसे शिकवतो? माझ्याकडे येणारे पालक पुस्तक हातात घेऊन पहिला प्रश्न विचारतात, "सर, यात आपल्याबद्दल वाईट नाही ना?" मुलेही तसेच वाचतात. कथेत मुसलमान पात्र आहे का ते शोधायचे, ते चांगले आहे की खलनायक ते पाहायचे, आणि पुस्तक मिटायचे. ही भीती का आली ते मला कळते. अनेक वर्षे मराठी कथा-कादंबऱ्यांत आणि सिनेमा-नाटकांत मुसलमान म्हणजे सुरमा घातलेला गुंड किंवा इमानदार नोकर एवढेच दाखवले गेले. भाजलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण आयुष्यभर ताक फुंकतच बसलो तर प्यायचे कधी? त्या मुलीने बहिणाबाईंच्या कवितेत मुसलमान शोधला नाही. तिने चूल शोधली आणि ती सापडल्यावर आपली अम्मी तिथे नेऊन बसवली. हे तिला कुणी शिकवले नव्हते. आम्ही तर नाहीच.

तिसरे बोललो तर मित्र दुखावतील, पण बोलतो. आपल्या वार्षिकांकांतली पुस्तक-परीक्षणे काढून पाहा. 'कवीची तळमळ पानोपानी जाणवते', 'समाजाला दिशा देणारा संग्रह', 'प्रत्येकाच्या संग्रही असावे असे पुस्तक'. मीही लिहिली आहेत, नाकारत नाही. आपण थोडे आहोत, एकमेकांना सांभाळून घेतले पाहिजे, या भावनेने लिहिली. पण ही परीक्षणे आणि ते गाईड यांत फरक काय? दोन्हींत वाचणारा गैरहजर आहे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत आपल्यातल्या कुणाच्या कवितासंग्रहाला आपल्यातल्याच कुणी 'ही कविता इथे खोटी वाटते' असे लिहिले? मला दोन-तीन नावे आठवतात, आणि त्यांच्याशी पुढे कोण कोण बोलत नव्हते तेही आठवते. कॉलेजने मुलीला प्रतिसाद लिहू दिला नाही म्हणून रडायचे, आणि आपल्या घरात मात्र प्रतिसादाला गद्दारी म्हणायचे? आणि 'इक्रा'वर, म्हणजे 'वाच' या आज्ञेवर, दर संमेलनात व्याख्यान होते, टाळ्या पडतात. मोहल्ल्यातल्या वाचनालयाची वर्गणी मागायला जा, मग कळते कोण किती वाचतो.

आणखी एक वाक्य आपल्या घरांतून रोज ऐकू येते, "मराठी घेऊन काय करणार?" सच्चर समितीने २००६ साली सांगितले की वीस वर्षांवरच्या मुसलमानांत पदवीधर शंभरात चारही नाहीत. अशा समाजात पोटाचा प्रश्न पहिला असणार, तो मी नाकारत नाही. मुलगा डी. फार्मसीला जावा, मुलगी नर्सिंगला जावी, खुशाल जावी. पण तहसील कचेरीतला अर्ज, पोलिसांपुढचा जबाब, वक्फच्या जागेचा वाद, वर्तमानपत्रात आपल्याबद्दल छापून आलेल्या खोट्या बातमीला उत्तर, हे सगळे या राज्यात कुठल्या भाषेत लिहायचे आहे? कवितेवर दीड पान स्वतःचे लिहिता येणारी मुलगी जबाबही स्वतःचा देईल. गाईड पाठ करणारा मुलगा दुसऱ्याने लिहून दिलेल्या कागदावर सही करेल. आपल्या किती माणसांनी न वाचता सह्या केल्या आणि पुढे काय भोगले, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

कॉलेजचे चालक म्हणतात, म्हणूनच आम्ही उपयोजित मराठी आणले. जाहिरात लिहा, बातमी लिहा, मुद्रितशोधन शिका. छान. पण त्याचेही गाईड निघाले. आणि आता तर गाईडलाही कुणी विचारत नाही. मुले मोबाइलला प्रश्न विचारतात आणि अर्ध्या मिनिटात रसग्रहण तयार. गेल्या वर्षी घरी लिहून आणायच्या टिपणांत अकरा मुलांची सुरुवात एकसारखी निघाली. सहकारी चिडले, "या यंत्रांनी शिक्षणाचे वाटोळे केले!" मला त्या यंत्राचा राग येईना. आशय, अभिव्यक्ती, भाषाशैली, संदेश, या मागणीत माणूस लागतोच कुठे? माणूस नसलेले उत्तर आपण पन्नास वर्षे मागत होतो. आता ते खरोखरच माणसाशिवाय मिळू लागले, एवढेच झाले. २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्हीही पेढे वाटले. त्या अभिजात भाषेतल्या वर्गात यंत्राला सात गुण मिळतात आणि भाकऱ्या करणाऱ्या बाईच्या मुलीला तीन.

मी काय मागतो? फार नाही. दहा गुणांच्या प्रश्नात चार गुण कवितेच्या अर्थाचे ठेवा, त्यात चूक झाली तर कापा. उरलेल्या सहांत मुलाला विचारा की ही कविता तुला कुठे खरी वाटली, कुठे वाटली नाही, आणि कवितेतल्या कुठल्या शब्दामुळे तसे वाटले. वर्गात साठ मुले आहेत, तपासायला वेळ नाही, हे मला माहीत आहे. तासिका तत्त्वावर राबणाऱ्या आमच्या तरुण प्राध्यापकांना तर दोन-तीन कॉलेजे करून पोट भरावे लागते, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? पण सत्रात एक टिपण, एकदा परत देऊन पुन्हा लिहून घेतलेले, एवढे जमते. मी चार वर्षे करतो आहे. पहिल्या खेपेला निम्म्याहून जास्त मुले गाईडच लिहितात. दुसऱ्या खेपेला, खोडून परत दिल्यावर, कुठूनतरी एखादे खरे वाक्य येते. आणि वाचून झाल्यावर 'अम्मी', 'अब्बा', 'आया', 'बा', 'माय' जे घरातले असेल ते राहू द्या.

त्या मुलीच्या गुणांचे काय झाले? काही नाही. चाचणी परीक्षा होती, तीनचे तीनच राहिले. पण उत्तरपत्रिका रद्दीत जाण्याआधी मी ती उतरवून घेतली होती. नंतर एकदा त्यांच्या घरी जाण्याचा प्रसंग आला. मुलगी चहा करत होती. मी तिच्या अम्मीला म्हणालो, "भाभी, तुमच्यावर लेकीने लिहिलेय, ऐकायचे का?" त्यांना मराठी समजते, वाचता येत नाही. मी दीड पान वाचून दाखवले. त्या परातीतले पीठ मळत ऐकत होत्या. मी थांबल्यावर थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग मुलीकडे पाहून म्हणाल्या, "रोटी दुसऱ्यां के घरकू जाती, बराबर है. पन दो पिच्छे रखती ना मैं, तेरे और छोटे के लिये. वो कायकू नै लिखी?"

बाहेर खानावळीचा पोरगा सायकलवर डबा घेऊन आला होता. त्या उठल्या आणि भाकऱ्या मोजायला लागल्या.